बुफे, पंगत आणि पैसा वसूल

अमेरिकेतल्या मराठी माणसाला दोन गोष्टींना नावं ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. एक इथली थंडी आणि दुसरा देशी हॉटेलातला लंच बुफे. थंडीचं मी समजू शकते, ती काही आपण बोलावलेली नसते. बुफेचं तसं नाही. तिथे आपण आपल्या पायांनी जातो, रांगेत उभे राहतो, तीन-तीनदा उठून वाढून घेतो आणि गाडीचा पट्टा लावता लावता सुरू करतो, "छे! आता काही राम राहिला नाही. सगळ्या ग्रेव्ह्या एकाच पातेल्यातल्या."

हे संवाद मी वीसेक वर्षं ऐकते आहे. म्हणून आज बुफेची बाजू घेऊन चार शब्द लिहायचं ठरवलंय. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. बुफेत जे चांगलं आहे त्याचं श्रेय आपण कधी दिलं नाही. आणि जे वाईट आहे त्यातलं निम्मं तरी आपल्यासारख्या देशी गिऱ्हाइकांनीच घडवलेलं आहे.

आधी चांगलं. मी २००१ साली ओहायोतल्या एका छोट्या युनिव्हर्सिटीच्या गावात आले तेव्हा तिथे एकच देशी हॉटेल होतं. नाव अर्थातच ताज, महाराजा, बॉम्बे आणि पॅलेस या चार शब्दांपैकी दोन घेऊन केलेलं. सोमवार ते शुक्रवार साडेअकरा ते अडीच बुफे, सहा डॉलर नव्व्याण्णव सेंट. शनिवार-रविवारी एक डॉलर जास्त, कारण तेव्हा मटण असायचं. विद्यार्थ्यांच्या हिशेबात ते एक जेवण म्हणजे दिवसभराची सोय. शुक्रवारी दुपारी तिथे गेलं की गावातले झाडून सगळे देशी दिसायचे. कुणाला रूममेट हवा आहे, कुणाची जुनी गाडी विकायची आहे, कोण डिसेंबरात घरी चाललंय आणि त्याच्या बॅगेत किती किलो जागा आहे, हे सगळं त्या स्टीलच्या भांड्यांसमोर ताट हातात धरून ठरायचं. आमचं पहिलं महाराष्ट्र मंडळ, खरं सांगायचं तर, छोले आणि रायत्याच्या मध्ये कुठेतरी स्थापन झालं.

आणि फक्त आपलंच नाही. माझ्या पहिल्या नोकरीत शेजारी बसणारा एक गृहस्थ होता, ओहायोतच जन्मलेला आणि वाढलेला. त्याच्या हातात मेनूकार्ड दिलं असतं तर तो बिचारा काय मागवणार? 'बैंगन भर्ता' ही अक्षरं वाचून ज्यानं ते कधी पाहिलेलं नाही त्याच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. बुफेत झाकण उघडायचं, बघायचं, वास घ्यायचा, चमचाभर घ्यायचं. नाही आवडलं तर ताटाच्या कडेला सारायचं आणि पुढचं झाकण उघडायचं. त्यानं पहिल्या दिवशी नुसती भजी आणि नान खाल्लं. दुसऱ्या खेपेला छोले. सहा महिन्यांनी तो मला सांगत होता की आज दाल मखनी जरा पातळ झालीये! आपलं जेवण म्हणजे नुसतं तिखटजाळ काहीतरी, ही समजूत या देशातल्या लहान लहान गावांत कुणी मोडली असेल तर ती या झाकणवाल्या भांड्यांनी.

आता 'सगळीकडे तेच ते' या तक्रारीकडे येऊ. ही तक्रार जुनी आहे. मधुर जाफरींनी १९७३ साली 'अ‍ॅन इन्व्हिटेशन टू इंडियन कुकिंग' हे पुस्तक लिहिलं, त्यातही इथल्या देशी हॉटेलांवर नाराजी आहेच. पण तेच ते का, याचा विचार कुणी करत नाही.

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाची 'फूड कोड' नावाची एक नमुना नियमावली आहे. तिच्यात म्हटलंय की मांडून ठेवलेलं गरम अन्न १३५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ५७ अंश सेल्सिअसच्या खाली जाता कामा नये. म्हणजे पदार्थ दोन-तीन तास वाफेवर झाकून बसणार. आता असा पदार्थ आठवा जो एवढा वेळ वाफेवर बसून बिघडत नाही. छोले, राजमा, दाल मखनी, कुर्मा, टिक्का मसाला. हे सगळे मुरत जाणारे पदार्थ. उलट आपली ज्वारीची भाकरी तिथे ठेवली तर तासाभरात चपलेसारखी चिवट होईल. थालीपीठ मऊ पडेल, कोथिंबीर वडी रडेल, परतलेली भेंडी लिबलिबीत होईल, आणि साध्या वरणावरच्या फोडणीचा वास तर दहा मिनिटांतच उडून जाईल. आपला स्वयंपाक हा "पानं घेतलीत, या लवकर" अशी हाक मारण्याचा स्वयंपाक. त्याला वाट बघायची सवय नाही.

अर्थात हे काही पुरेसं कारण नाही, कारण मटकीची उसळ, मसालेभात, अळूचं फदफदं, भरली वांगी हे सगळं वाफेवर उत्तम टिकेल. मग ते का नसतं? कारण हॉटेलं आपण काढली नाहीत. आज ज्याला जगभर 'इंडियन रेस्टॉरंट' म्हणतात त्याच्या मेनूचा मोठा भाग १९४७ नंतर दिल्लीत घडला. फाळणीत पेशावरकडून आलेल्या मंडळींनी दर्यागंजला 'मोती महल' सुरू केलं. संध्याकाळपर्यंत कोरडं पडणारं तंदुरी चिकन टोमॅटो-लोण्याच्या रश्श्यात घातलं आणि बटर चिकन झालं, अशी त्याची गोष्ट सांगतात. ते नक्की कुणी घातलं, यावरून त्या वेळच्या भागीदारांचे वारसदार २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेले आहेत! आपल्याकडे फोडणीची पोळी कुणी शोधली यावरून अजून कुणी कोर्टात गेलेलं नाही, हे आपलं नशीब. पण बघा ना, शिळ्याचं सोनं करण्याची युक्ती तीच.

हा दिल्लीचा साचा लंडनला गेला, न्यूयॉर्कला गेला. ब्रिटनमधली बरीचशी 'इंडियन' हॉटेलं चालवणारे लोक सिल्हेटकडचे बांगलादेशी. न्यूयॉर्कच्या पूर्व सहाव्या रस्त्यावरची देशी हॉटेलांची प्रसिद्ध रांगही बरीचशी त्यांचीच. म्हणजे बंगाली माणूस पंजाबी जेवण रांधून अमेरिकन माणसाला घालतोय, आणि शेजारच्या टेबलावर सदाशिव पेठेतला इंजिनीयर कपाळाला आठ्या घालून विचारतोय, "पिठलं का नसतं हो यांच्याकडे?" १९६५ च्या कायद्यानंतर इथे आलेले आपले लोक बहुतेक डॉक्टर, इंजिनीयर, प्राध्यापक. मुलाला हॉटेल काढायचंय म्हटलं तर आपल्या किती घरांत पेढे वाटतील?

याची एक गंमत सांगते. माझी मुलगी सहा-सात वर्षांची असताना एका रविवारी रात्री जेवायला बसली आणि म्हणाली, "आई, आपण घरी कधी इंडियन फूड का नाही करत?" तिच्या पानात वरण-भात होता, बटाट्याच्या काचऱ्या होत्या, लिंबाची फोड होती. मी म्हटलं, "मग हे काय आहे?" ती म्हणाली, "हे? हे तर जेवण आहे."

त्या दिवशी मला हसू आलं. आता वाटतं की बुफेवर टीका करणाऱ्या मोठमोठ्या लेखांपेक्षा तिनं नेमकं सांगितलं. इंडियन फूड ही एक बाहेर जाऊन खायची गोष्ट आहे, तिच्यात नान आणि आंब्याचं कस्टर्ड असतं. जेवण ही वेगळी गोष्ट आहे. दोन्ही आपापल्या जागी असू देत. बुफेत आईच्या हातची चव शोधायला गेलं की माणूस उपाशी उठणारच.

पण बुफेत एक उणीव खरीच आहे, आणि ती चवीची नाही. बाबा २००८ साली आमच्याकडे आले होते. त्यांना एका शनिवारी बुफेला घेऊन गेलो. त्यांनी ताट घेतलं, सगळी भांडी शांतपणे बघितली, लोणचं-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे असं वाढून घेतलं आणि जेवले. "बाबा, अजून घ्या ना," म्हटलं तर इकडे तिकडे बघून म्हणाले, "घेईन गं, पण इथे 'पुरे' कुणाला म्हणायचं?"

पंगतीत वाढणारा जिलबीचं ताट घेऊन येतो. "घ्या हो, एक तर घ्या," म्हणतो. जेवणारा पानावर आडवा हात धरतो. त्या आग्रहाच्या आणि त्या आडव्या हाताच्या ओढाताणीत कुणी किती खायचं हे ठरतं. बुफेत यजमानही आपणच आणि पाहुणेही आपणच. आग्रह करणारा हात आपला, नको म्हणणारा हात आपला, आणि आपल्या दोन हातांपैकी कोणता जिंकतो हे चौथ्या गुलाबजामला कळतं. आपल्याकडे लग्नात बुफे आला तेव्हा पत्रिकेत त्याला 'स्वरुची भोजन' असं गोंडस नाव छापलं गेलं. रुची स्वतःची हे खरंच, पण आवरही स्वतःचाच घालायचा, हे पत्रिकेत लिहिलेलं नव्हतं.

बाबांना एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. तिथे पाटी होती की पुन्हा वाढून घेताना कृपया नवीन ताट घ्या. हाही त्या फूड कोडचाच नियम आहे, वापरलेलं ताट घेऊन पुन्हा भांड्यांपाशी जायचं नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे उष्ट्या-खरकट्याचं तुझी आजी सांगायची ते इथल्या सरकारनं कायद्यात घातलंय की!"

ठरावीक पैशांत हवं तेवढं, ही कल्पना आपल्याला नवीन नाही. खानावळीत तेच असतं, मुंबईत काळबादेवीला ठाकर भोजनालयात १९४५ पासून तेच चालू आहे. पण तिथे गरम फुलका घेऊन माणूस पानापाशी येतो. हा फरक संस्कृतीचा म्हणून आपण छाती फुगवतो, पण तो बराचसा पगाराचा आहे. तिकडे माणूस स्वस्त, म्हणून तो पानापाशी येतो. इकडे माणूस महाग, म्हणून आपण भांड्यापाशी जातो. बुफे म्हणजे शेवटी काय, तर वाढप्याचा पगार वाचवून जेवण स्वस्तात द्यायची युक्ती.

आणि इथून मला जे खरं बोलायचंय ते सुरू होतं.

मंडळी, 'पैसा वसूल' हे दोन शब्द मला जेवणाच्या टेबलावर ऐकवत नाहीत. एकदा शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ आपल्या आठ वर्षांच्या मुलाला समजावत होते, "भात घेऊ नकोस, भातानं पोट भरतं. चिकन घे, तिथे पैसे वसूल होतात." मुलानं चिकन घेतलं, बचकभर घेतलं, दोन तुकडे खाल्ले आणि बाकीचं तसंच ठेवून खिरीकडे गेला. ते ताट पुढे कचऱ्यात गेलं. "पानात टाकू नये" हे ज्या घरात मुलांना बोलायला लागायच्या आधी शिकवतात, तशाच घरातले हे लोक. मग ही शिकवण त्या दारापाशी बुटांबरोबर काढून ठेवतात की काय?

आमच्या गावातला बुफे २०१९ मध्ये ११.९९ डॉलर होता, आता १७.९९ झालाय. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच, "लूट आहे", "आता घरीच करावं", "त्यापेक्षा पिझ्झा बरा". यातलेच लोक सुशीच्या आठ तुकड्यांना वीस डॉलर देऊन येतात आणि वर तिथला फोटो टाकतात. सुशी महाग असली की दर्जेदार, आणि छोले महाग झाले की लूट!

न्यूयॉर्क विद्यापीठात खाद्यसंस्कृतीचा अभ्यास करणारे कृष्णेंदु राय यांनी 'द एथ्निक रेस्टॉरेटर' या २०१६ च्या पुस्तकात हाच प्रश्न घेतला आहे. एखाद्या समाजाच्या जेवणाला लोक किती पैसे मोजायला तयार असतात, ते त्या जेवणातल्या कष्टांवरून ठरत नाही. त्या समाजाची पत काय आहे यावरून ठरतं, असं त्यांच्या म्हणण्याचं सार. इटालियन जेवण एकेकाळी इथे गरीब मजुरांचं म्हणून स्वस्त होतं, ते आज महाग हॉटेलांत जाऊन बसलं. जपानी जेवणाचंही जपान श्रीमंत झाल्यावर तसंच झालं. या न्यायानं आपलं जेवण कधीच वर जायला हवं होतं, कारण इथले भारतीय लोक उत्पन्नाच्या बाबतीत पहिल्या रांगेत आहेत. वाट निघू शकते, हेही दिसतंय. न्यूयॉर्कचं 'सेम्मा' हे तमिळ जेवणाचं हॉटेल, त्याला २०२२ मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला आणि तिथे आपल्याच गावाकडचं म्हणावं असं जेवण लोक भरपूर पैसे देऊन खातात. पण गावोगावच्या दुपारच्या बुफेचा दर कोण दाबून धरतंय? गोऱ्या गिऱ्हाइकाला सतरा डॉलर जास्त वाटत नाहीत. कुरकुर आपली असते. कारण आपल्या मनात अजून हिशेब चालू असतो की हरभरे केवढ्याला मिळतात.

हरभरे स्वस्त आहेत हो. ते आदल्या रात्री भिजत घालायला, पहाटे शिजवायला आणि साडेअकराच्या आत बारा भांडी भरायला जो माणूस लागतो तो स्वस्त नसावा, एवढंच माझं म्हणणं आहे. दर वाढला नाही की मालक कुठे काटकसर करतो, ते त्या ग्रेव्ह्यांत दिसतं. एकच कांदा-टोमॅटोचा रस्सा, त्यात इकडे पनीर, तिकडे मटार. आपण ज्याला 'एकाच पातेल्यातल्या ग्रेव्ह्या' म्हणून हसतो, तो आपण मागितलेल्या स्वस्ताईचाच पदार्थ आहे.

तीच गोष्ट टिपची. "बुफेला कसली टिप? आपणच तर वाढून घेतलं!" असं म्हणून टेबलावर एक डॉलर ठेवून उठणारे सभ्य लोक मी पाहिले आहेत. मंडळी, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायची किमान मजुरी तासाला २ डॉलर १३ सेंट आहे आणि १९९१ पासून ती हललेली नाही. टिप धरून तासाचे सव्वासात डॉलर झाले नाहीत तर फरक मालकानं भरायचा, असा नियम आहे. बऱ्याच राज्यांनी स्वतःचा आकडा वाढवलाय, पण सगळ्यांनी नाही. आपण तीनदा वाढून घेतलं म्हणजे आपली तीन खरकटी ताटं कुणीतरी उचलली, चारदा पाणी भरलं, गरम नान टेबलावर आणून दिलं. हाक न मारता पानापाशी येणारा वाढपी आपल्याला हवा असतो ना? तो हाच. त्याच्या हातात जिलबीचं ताट नाही म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

मार्च २०२० मध्ये कोविडनं सगळे बुफे एका आठवड्यात बंद झाले. 'सूप्लांटेशन'सारख्या मोठ्या सॅलड-बुफेच्या साखळीनं त्याच मे महिन्यात सगळ्या शाखा बंद करत असल्याचं जाहीर केलं. आमच्या गावातल्या तीन देशी बुफेंपैकी एक पुन्हा उघडलाच नाही, एकानं डब्यात भरून दोन भाज्या-भात द्यायला सुरुवात केली, आणि एक तेवढा चालू आहे. तोही आता फक्त शुक्रवार ते रविवार. बंद झाला तेव्हा त्याला नावं ठेवणाऱ्या सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. माणसाचं काय आणि हॉटेलाचं काय, आपल्याकडे चांगलं बोलायला मुहूर्त तोच सापडतो.

तो चालू असेपर्यंत काही करता येण्यासारखं आहे, असं मला वाटतं. गेल्या वर्षी गणपतीत आमच्यातल्या दोघी-तिघींनी मालकांना विचारलं की एक दिवस मसालेभात आणि मटकीची उसळ ठेवाल का? ते लुधियानाकडचे सरदारजी. म्हणाले, "बेटा, आप रेसिपी दो, मसाला दो, मैं बनवा दूँगा." गोडा मसाला आम्ही दिला. स्वयंपाकी नेपाळचा, त्यानं उसळ आपल्यापेक्षा थोडी घट्ट केली, पण चव बरोबर साधली. दीड वाजेपर्यंत मसालेभाताचं भांडं रिकामं झालं. त्यातला निम्मा भात, मी मोजत उभी होते, अमेरिकन लोकांनी नेला. त्या दिवशी बुफेला दोन डॉलर जास्त घेतले होते. कुणीही 'लूट' म्हटलं नाही.

म्हणजे मागितलं तर मिळतं, आणि दिलं तर परवडतं. पानात टाकायचं नाही, वाढप्याला त्याचं द्यायचं आणि दर वाढला तर गप्प बसून जेवायचं, एवढी तीन पथ्यं आपल्याला जड जाऊ नयेत.

असो. फार झालं. तुमच्या गावातल्या बुफेत काय असतं, आणि कुणी पिठलं ठेवायला लावून दाखवलंय का, ते जरूर कळवा. आणि कुणाला गोडा मसाला हवा असेल तर सांगा, सासूबाई डिसेंबरात येताहेत, त्यांच्या बॅगेत अजून दोन किलोची जागा आहे.